मेंबर कागदावर दीडशे, मीटिंगला पंधरा! – वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात निवृत्त शाळा कर्मचाऱ्यांच्या संघटनांबद्दल दोन ओळी लिहिल्या काय, पेडण्यापासून काणकोणपर्यंत पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज सुरू झाले. सगळे छापणं शक्य नाही, निवडक घेते. नावं गाळली आहेत कारण बहुतेकांनी तसं सांगितलंय आणि गोव्यात नुसतं आडनाव नि गाव छापलं तरी लोक घर ओळखतात, त्यामुळे तालुक्यावरच भागवू.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या आमच्या संघटनेचा सेक्रेटरी. रजिस्टरवर दीडशेच्या वर नावं आहेत, मीटिंगला बारा-पंधरा माणसं, तीसुद्धा तीच तीच. नवीन रिटायर होणारे "येतो हं सर" म्हणतात आणि येत नाहीत. मेंबरशिप ड्राइव्ह केला, फॉर्म वाटले, बॅनर लावला. आणखी काय करायचं?

सर, बॅनर बघून कोणी संघटनेत येत नाही हो. बॅनर फक्त बॅनरवर ज्यांचे फोटो आहेत तेच बघतात.

तुम्ही माणसाला फॉर्म कधी देता ते सांगा. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, मग दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी बाजारात भेटतं आणि म्हणतं "आता आमच्यात या". तोपर्यंत तो माणूस ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी), पेन्शनचा कागद यांच्या मागे धावून दमलेला असतो, आणि त्या धावपळीत संघटना कुठे होती? नव्हती. मग तो का येईल?

म्हणून उलटं करा. रिटायरमेंटच्या आधी दीड-दोन वर्षं माणूस गाठा. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या क्लार्ककडून, सरकारी असो की अनुदानित, पुढच्या दोन वर्षांत कोण कोण निवृत्त होतंय ती नावं घ्या, आणि एका शनिवारी सकाळी त्यांना बोलवा. भाषण ठेवू नका. सर्व्हिस बुकाची झेरॉक्स, आधार, पॅन, बँक पासबुक, जन्मदाखला एवढं घेऊन यायला सांगा आणि टेबलावर सगळे कागद शेजारी शेजारी मांडून स्पेलिंग जुळतं का बघा. आपल्याकडे ही भानगड किती आहे ते तुम्हाला सांगायला नको, एकच नाईक जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेला, सर्व्हिस बुकात शेवटी नुसता 'के', आधारवर वडिलांचं नाव मध्ये घुसलेलं, आणि बायकोचं नाव तर लग्नाआधीचं एका कागदावर नि लग्नानंतरचं दुसऱ्यावर. नोकरीत असताना हे दुरुस्त करायला निदान शाळा आणि हेडमास्तर पाठीशी असतात, नंतर एकट्याने हेलपाटे मारायचे. ज्याचं स्पेलिंग तुम्ही वेळेत पकडून दिलंत तो मेंबर झाल्याशिवाय राहत नाही, आणि बायकोलासुद्धा सांगतो की ह्या लोकांनी आपलं काम केलं.

त्यात आता नवीन मंडळी वेगळी येणार. गोव्यात ऑगस्ट २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे, म्हणजे नोकरीत साठवलेल्या रकमेतून मिळणारी पेन्शन. त्यांचे प्रश्न तुमच्या जुन्या मेंबरांना माहीतच नसतात. साठाव्या वर्षी जमा रकमेतला किमान ४० टक्के भाग ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या पेन्शन योजनेत, घालावा लागतो, कुठली ॲन्युइटी घ्यायची, आपल्यामागे बायकोला किंवा नवऱ्याला मिळणारी घ्यायची की नुसती आपल्यापुरती, हे एकदा निवडलं की सहसा बदलता येत नाही. ह्या विषयावर एक जाणकार माणूस आणून बसवा, हॉल भरतो की नाही बघा.

दुसरं काम नोव्हेंबरात. हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शनर जिवंत आहे याचा पुरावा. बँकेत जाऊन रांगेत उभं राहायचं किंवा मोबाईलवर जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल, करायचं, ही सोय २०१४ पासून आहे आणि चेहरा दाखवून करायची सोय २०२१ च्या नोव्हेंबरपासून. पण ऐंशीच्या बाईंना तो मोबाईल तोंडासमोर धरून "डोळे मिचकावा" म्हटलं की त्या दोन्ही डोळे घट्ट मिटून बसतात, ॲप परत सुरुवातीला जातं, खिडकीतला उजेड मागून येत असला तर चेहराच धरत नाही, चष्मा काढला तर त्यांना काही दिसत नाही. मग खुर्ची फिरवून उजेडाकडे तोंड करायचं, मोबाईल आपण धरायचा, आणि हळूच सांगायचं "बाई, एकदाच मिचकवा". त्याआधी ॲप विचारतं पुनर्विवाह केलाय का, आणि हा प्रश्न मोठ्याने वाचला की आख्खी खोली हसते. एवढ्या हसण्यासाठीसुद्धा लोक पुढच्या वर्षी येतात, खरंच. जे येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी पोस्टमन घरी येऊन हा दाखला करतो, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सोय आहे, ७० रुपये घेतात, ते संघटनेने भरले तरी काही मोठा खर्च नाही. एकच सांभाळा, पेन्शन देणारं ऑफिस ॲपमध्ये बरोबर निवडलंय का ते दोनदा बघा, नाहीतर दाखला कुठेतरी दुसरीकडेच जाऊन बसतो आणि पेन्शन थांबते.

तिसरं, तुमच्या रजिस्टरात नाव आणि फोन सोडून काय आहे? जन्मतारीख लिहा, निवृत्तीची तारीख लिहा, पेन्शन कम्युट कधी केली, म्हणजे तिचा काही भाग आधीच एकरकमी कधी घेतला, ते लिहा. कम्युट केलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो, ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४० टक्के. हे आपोआप व्हायला हवं पण कागदावर जन्मतारीखच नसली तर होत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला ते कळतही नाही. दर जानेवारीत रजिस्टर उघडून यंदा कोणाचं काय आहे ते काढा आणि त्यांना आपणहून फोन करा. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी शाळा उघडल्या तेव्हा लागलेले मास्तर आणि बाई अजून काही वाड्यांवर आहेत, त्यांच्यातल्या एकाला जरी असा फोन गेला तरी त्यांचे निवृत्त झालेले विद्यार्थी, जे स्वतः पुढे मास्तर झाले, तेपण येतात. (ते रजिस्टर मात्र कपाटात कुलपात ठेवा, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.)

अमेरिकेत एथेल पर्सी अँड्रस म्हणून एक हायस्कूलच्या प्रिन्सिपल बाई होत्या, १९४४ ला निवृत्त झाल्या, १९४७ ला निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली. त्या वेळी म्हाताऱ्या शिक्षकांना आरोग्य विमा कोणी देत नव्हतं, बाई कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिल्या, १९५६ ला एक जण तयार झाला, आणि मग शिक्षक नसलेलेसुद्धा "आम्हालापण घ्या" म्हणून मागे लागले तेव्हा १९५८ ला सगळ्याच ज्येष्ठांसाठी एएआरपी ही संघटना निघाली. विमा आधी, गर्दी नंतर.

आणि मीटिंगची वेळ कुठली आहे तुमची? दुपारी तीन असेल तर विसरा, गोव्यात त्या वेळी माणूस झोपलेला असतो. सकाळी दहा ते बारा, दुपारच्या बसने जेवायला घरी. चवथीच्या आसपास, शिगम्यात, गावच्या जत्रेच्या आठवड्यात मीटिंग ठेवू नका. शाळेच्या वर्गात ठेवत असाल तर बाक नकोत, गुडघे दुखणाऱ्यांना त्या बाकातून उठता येत नाही, खुर्च्या आणा.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यात एका हायस्कुलात प्यून होतो. संघटनेत फी भरून मेंबर झालो. मीटिंगला गेलो की खुर्च्या मांड, चहा आण, माइक लाव. पेन्शनबद्दल विचारायला उठलो तर एक माजी हेडमास्तर म्हणाले "तू आधी चहाचं बघ, मग बोलू". रागाने नाही म्हणाले, सवयीने म्हणाले. आता जावं की नको?

जा भाऊ. जाच. आणि खुर्च्या मांडू नका.

पुढचं उत्तर तुम्हाला नाही, तुमच्या कमिटीला आहे, अंक त्यांच्याकडेपण जातो. संघटनेच्या पाटीवर "शाळा कर्मचारी" लिहिलंय ना, मग आत स्टाफरूम कशाला उघडली? हेडमास्तर समोर टेबलाला, शिक्षक पहिल्या दोन रांगांत, क्लार्क मधे, प्यून आणि लॅब अटेंडंट दाराशी. शाळा सुटून दहा-दहा वर्षं झाली तरी रांगा सुटल्या नाहीत. मी स्वतः मुख्याध्यापिका होते, मला माहीत आहे ही सवय कशी असते, माणूस वाईट नसतो, हात आपोआप घंटेकडे जातो. पण संघटना वाढत नाही म्हणून जे रडतात त्यांनी आधी मोजावं की तालुक्यातल्या निवृत्त शिक्षकेतर लोकांतले किती जण मेंबर आहेत. बहुतेक ठिकाणी हा आकडा सांगायला लाज वाटेल असा निघेल.

आणि यात नुकसान कोणाचं? शिक्षकांचंच. आयुष्यभर डाक घेऊन पणजीला शिक्षण खात्यात आणि लेखा खात्यात गेला कोण, हेडमास्तर की प्यून? कुठल्या मजल्यावर कुठलं टेबल, कोणाकडे कागद दिला की पोच मिळते, कोण जेवायला गेलं की चारपर्यंत येत नाही, हे ज्यांना पाठ होतं त्यांना तुम्ही चहाला लावलंत. सर्व्हिस बुक लिहिलं कोणी? क्लार्कनी. वाड्यावरच्या कुठल्या निवृत्त बाई आजारी आहेत, कोणाचा मुलगा परदेशात आणि घरी कोणी नाही, हे आधी कळतं कोणाला? अशी माणसं कमिटीत नाहीत आणि तीन माजी प्राचार्य सल्लागार म्हणून आहेत, सल्ला कोणाला देतात देव जाणे.

नियमावलीतच घालून टाका की अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार या तिघांत किमान एक शिक्षकेतर असेल. चांगुलपणावर सोडलं तर होणार नाही. चहा पाळीने, यादी लावून, माजी प्राचार्यांचं नाव यादीत पहिलं. मीटिंगमध्ये सगळ्यांना "तुम्ही". हजेरीच्या वहीत नाव आणि गाव, जुना हुद्दा नाही.

सहलीचंही बघा. दोन हजाराची सहल काढली की प्यूनची आणि शाळेतल्या कामवाल्या बाईची पेन्शन किती असते हे कोणाच्या लक्षात येत नाही, ते "तब्येत बरी नाही" म्हणतात आणि घरी राहतात. कदंबची (गोव्याची सरकारी) बस ठरवून एका दिवसात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे करा, देवळातच जेवण, सगळे येतील. महागडी सहल ज्यांना हवी त्यांनी आपापली काढावी, संघटनेच्या नावाने नको.

भाऊ, तुमचा पेन्शनचा प्रश्न पुढच्या मीटिंगला लेखी द्या, तारीख घालून, सेक्रेटरीची सही पोच म्हणून घ्या. हे तुम्हाला मी काय शिकवणार, पोच घेणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं.

प्रश्न : पेडण्याहून लिहितोय. आम्ही वीसेक जण मिळून सुरुवात केली आहे. रजिस्ट्रेशन करायलाच हवं का? आणि फी आजीव घ्यावी की वार्षिक?

नुसतं भेटून चहा-भजी खायची असेल तर नको. पण पैसे गोळा करणार, बँकेत खातं उघडणार, शिक्षण खात्याला निवेदन देणार असाल तर करा. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा, किमान सात माणसं लागतात, उद्देशपत्र आणि नियमावली, कार्यकारी मंडळाची यादी. दरवर्षी सर्वसाधारण सभा झाली की १४ दिवसांच्या आत नव्या कार्यकारी मंडळाची यादी रजिस्ट्रारकडे द्यायची असते. इथेच सगळे झोपतात, पाच-सहा वर्षं यादी गेलेली नसते आणि मग बँक सह्या बदलून देत नाही, जुना खजिनदार वारलेला, पैसे अडकले. नोंदणी झाल्यावर संस्थेच्या नावाने पॅन काढा, खात्यावर तीन जणांच्या सह्या ठेवा आणि कुठल्याही दोन चालतील असं करा. उद्देश लिहिताना घाईने काहीही लिहू नका, नंतर बदलायचे तर तीन पंचमांश मतं लागतात, तीसुद्धा महिन्याच्या अंतराने दोन सभांमध्ये.

फी वार्षिक. आजीव फी घेतली की पहिल्या वर्षी खातं फुगतं, सगळे खूश, आणि चौथ्या वर्षी पोस्टाच्या तिकिटाला पैसे नसतात. शिवाय आजीव मेंबरला परत भेटायचं कारणच उरत नाही, वार्षिक फी असली की वर्षातून एकदा तरी कोणीतरी त्याच्या दारात जातं. वर्षाला २०० रुपये ठेवा, आणि फी मागायला मोबाईलवर मेसेज नको, माणूस पाठवा.

प्रश्न : माझे मिस्टर सत्तरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. दोन वर्षांमागे गेले. ते संघटनेचे मेंबर होते, मी गृहिणी. आता मला कोणी बोलवत नाही. मी मेंबर होऊ शकते का?

ताई, व्हायला हवं, आणि तुमच्या संघटनेच्या नियमात बसत नसेल तर नियम बदलायला हवा. कुटुंब निवृत्तिवेतन तुम्हाला मिळतं म्हणजे तुम्ही पेन्शनरच आहात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला तुम्हालाही द्यावा लागतो, मग मदत लागणारच.

एक गोष्ट आताच सांगून ठेवते कारण हे विधवांना कोणी सांगत नाही. निवृत्तीनंतर नवरा वारला तर सरकारी पेन्शनच्या नियमात सुरुवातीला वाढीव दराने कुटुंब पेन्शन असते, ती सात वर्षं किंवा ते हयात असते तर ६७ चे झाले असते त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. नंतर ती शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर येते. त्या महिन्यात बायका घाबरून बँकेत धावतात, कोणी पैसे कापले म्हणून. तुमच्या ऑर्डरवर ती तारीख छापलेली असते, एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या.

कमिटीवाल्यांनो, मेंबर वारला की शोकसभा घेता, दोन मिनिटं उभे राहता, आणि रजिस्टरात नावापुढे लाल रेघ मारता. त्याच रेघेच्या खाली बाईंचं नाव लिहा. बाराव्यानंतर दोघं जण घरी जा, मृत्यू दाखला, पेन्शनची ऑर्डर, जॉइंट खात्याचं पासबुक कुठे आहे ते शोधायला मदत करा.

प्रश्न : सासष्टीत आमच्यात मराठी, कोंकणी, इंग्लिश तिन्ही मिडियमचे निवृत्त आहेत. नोटीस कुठल्या भाषेत काढायची यावरूनच दोन मीटिंगा गेल्या. वेगवेगळ्या संघटना कराव्यात का?

अजिबात नको. पेन्शनच्या फायलीला मिडियम नसतं. गोव्यातल्या किती सभा अशा चालतात, बोलणं सगळं कोंकणीत, इतिवृत्त मराठीत आणि खात्याला अर्ज इंग्लिशमध्ये, आणि कोणाचं काही अडत नाही. नोटीस दोन भाषांत काढा, एका पानावर वर-खाली, आणि रोमीत (रोमन लिपीतली कोंकणी) वाचणाऱ्यांना फोन करून सांगा. भाषेचा वाद ज्यांना घालायचाय त्यांनी घालावा, गोव्यात त्याला व्यासपीठं कमी नाहीत, संघटनेच्या मीटिंगमध्ये तो विषयच अजेंड्यावर घेऊ नका.

प्रश्न : तिसवाडीतून. संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज शंभर गुड मॉर्निंग. कामाचा मेसेज सापडतच नाही.

दोन ग्रुप करा. एकावर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा, तिथे महागाई भत्ता, नोटीस, निधन वार्ता. दुसऱ्यावर फुलं, सूर्य, सुविचार, काय हवं ते. आणि ओटीपी विचारणाऱ्या फोनबद्दल महिन्यातून एकदा पहिल्या ग्रुपवर इशारा द्या, "तुमचा हयातीचा दाखला बाकी आहे, लिंक दाबा" असे मेसेज येतात आणि शिकले-सवरलेले लोक फसतात.

प्रश्न : मुरगाव तालुका. आमचे अध्यक्ष अकरा वर्षं तेच आहेत. माणूस चांगला, कामाचा, पण सोडत नाहीत. कोणी विषय काढला की म्हणतात "दुसरा कोण करणार, सांगा". आणि खरंच कोणी पुढे येत नाही. दुखवायचं नाही त्यांना.

कोणी पुढे येत नाही कारण अध्यक्षपद म्हणजे सगळंच एकट्याने ओढणं असं अकरा वर्षं सगळे बघतायत. मलासुद्धा नको वाटेल. आधी त्यांच्या कामाचे तुकडे पाडा. हयातीच्या दाखल्याचं टेबल एकाकडे, रजिस्टर दुसऱ्याकडे, आजारी मेंबरांना भेटायला जाणं तिसऱ्याकडे, खात्यात निवेदन घेऊन जाणं चौथ्याकडे. साठ-बासष्टचे, नुकतेच निवृत्त झालेले घ्या, त्यांच्या अंगात अजून शाळेची घंटा असते, दहाला बोलावलं की दहाला येतात. वर्षभर हे चाललं की "दुसरा कोण करणार" याचं उत्तर समोर खुर्चीवर बसलेलं दिसतं, बोलावं लागत नाही.

मग नियमावलीत सलग दोनच मुदती अशी दुरुस्ती आणा, आणि ठराव त्यांनाच मांडायला सांगा. माणूस चांगला आहे म्हणता ना, मग मांडतील. खातं, सह्या, कुलपाच्या किल्ल्या, जुन्या फायली यांचा ताबा लेखी घ्या, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. आणि सत्कार दणक्यात करा, फक्त शाल देऊ नका, अकरा वर्षं अध्यक्ष होते म्हणजे कपाटात चार-पाच तरी घड्या घालून असतील.